वाळक्या पाल्याची बरणी

इनचार्ज सिस्टर म्हणून त्या ग्रामीण रुग्णालयात हजर झाले आणि तिसऱ्याच दिवशी मी लॅबच्या खिडकीतली एक बरणी कचऱ्यात रिकामी केली. लोणच्याची प्लास्टिकची बरणी, तोंडावर पातळ पांढरं कापड, त्याला रबरबँड, आत वाळका पाला. खिडकीत तशा आणखी सात-आठ बरण्या होत्या. त्यांत हिरवा पाला होता, म्हणून त्यांचं काय करायचं ते विचारून ठरवू म्हटलं. वाळक्या पाल्याबद्दल विचारण्यासारखं मला काही दिसलं नाही.

दुपारी लॅब टेक्निशियन माझ्या टेबलापाशी आले. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मायक्रोपोर टेपची गुंडाळी. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "सिस्टर, चार नंबरची बरणी तुम्ही टाकलीत?"

"हो. कचरा होता."

"आत पाहिलंत, की कचरा वाटला?"

"वाळका पाला होता, सर. पाल्यात काय बघायचं?"

"दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. मध्ये कोष होता."

कचरा तोवर मागच्या खड्ड्यात जाळून झाला होता. ते खड्ड्यापर्यंत जाऊन आले, हात धुतले आणि काखेतलं जाडजूड रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. आडवं पान, आखलेले रकाने : क्रमांक, तारीख, झाड, अळी, कोष, पतंग आणि शेवटी 'कोणी पाहिलं'. एका ओळीत त्यांनी 'कोष'च्या रकान्यात लिहिलं, 'टाकला'. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'सिस्टर'.

"हे काय लिहिलंत?"

"घडलं ते," असं म्हणून त्यांनी शाई वाळू दिली आणि रजिस्टर मिटलं.

मी माफी मागितली नाही. हॉस्पिटलच्या खिडकीत पाला साठवणं चूकच होतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बरण्या त्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावर गेल्या. पण आमच्या हॉस्पिटलातल्या नोंदींमध्ये माझं नाव पहिल्यांदा कुठे चढलं असेल तर ते त्या रजिस्टरात, हे खरं.

आमचं रुग्णालय नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडे, उसाच्या पट्ट्यात. बाजाराला बेलापूर, मोठ्या कामाला श्रीरामपूर, आणि पेशंट हाताबाहेर गेला की नगर. आवारात चार क्वार्टर्स, एक हातपंप आणि एक जुना शिरीष. सरांची बायको आणि मुलगी नगरला राहायच्या, मुलीची नोकरी तिथे होती. सर शनिवारी जायचे, रविवारी संध्याकाळी परत यायचे. एरवी क्वार्टरमध्ये एक खाट, एक शेगडी, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि बाकी सगळीकडे बरण्या. समोर त्यांना आम्ही 'सर' म्हणायचो. मागे सगळं गाव 'अळीवाले' म्हणायचं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यात त्यांना चुकीचं काही वाटत नव्हतं.

छंद साधा होता. अळी दिसली की ती कुठल्या झाडावर होती ते बघायचं, त्याच झाडाचा पाला घालून वाढवायची, कोष होऊ द्यायचा, आणि त्यातून कोणता पतंग निघतो ते लिहून ठेवायचं. मग सोडून द्यायचा. पतंग टाचणीला टोचून ठेवणं त्यांना पसंत नव्हतं. एरंडावरची, कण्हेरीवरची, तिळावरची, पेरूवरची, सगळ्या अळ्या त्यांच्या रजिस्टरात होत्या. मी एकदा विचारलं, ह्याचा उपयोग काय. तेव्हा ते स्लाइड धूत होते. म्हणाले, "लॅबमध्ये जे येतं त्यात काहीतरी बिघडलेलं असतं, सिस्टर. दिवसभर तेच बघतो. अळीत काही बिघडलेलं नसतं."

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "पाहिलंत की वाटलं?" हे सगळ्यांना ऐकावं लागायचं. वॉर्डबॉयने सांगितलं, डॉक्टर आले, की "पाहिलंस की वाटलं?" एका शिबिराच्या वेळी डॉक्टर म्हणाले, उरलेल्या स्लाइड निगेटिव्हच असणार, लिहून टाका, जीप थांबलीय. सर म्हणाले, "जीप जाऊ द्या, मी एसटीने येतो." एसटीनेच आले, रात्रीच्या जेवणाला. स्लाइड सगळ्या निगेटिव्हच होत्या. डॉक्टर म्हणाले, बघा, मी सांगितलं होतं. सर म्हणाले, "हो, पण आता पाहिलं."

त्यांचं रोजचं भांडण होतं ते सफाईवाल्या मावशींशी. अपघात विभागाच्या दारावर रात्रभर ट्यूब चालू असायची आणि सकाळी त्या भिंतीवर पतंग बसलेले असायचे. मावशी सहाला झाडू घेऊन यायच्या. म्हणून सर पावणेसहाला वही घेऊन भिंतीपुढे उभे. पण इतक्या पतंगांना पंधरा मिनिटं पुरायची नाहीत आणि मावशी वेळेच्या पक्क्या.

"मावशी, दहा मिनिटं."

"दहा मिन्टं, दहा मिन्टं करता आन् आठ वाजिवता, सायेब. डाक्टर आले मंजी मला बोलत्यात, तुमाला न्हाई."

"ते कोपऱ्यातलं तेवढं राहू द्या."

"त्ये डोळेवालं व्हय? त्ये तर रोजच येतंय. पावनं हाय का त्ये? सरका."

आणि मावशी झाडू फिरवायच्या. 'डोळेवालं' म्हणजे एक तपकिरी पतंग, बोटभर रुंद, पुढच्या दोन्ही पंखांवर घुबडासारखा एकेक गोल डोळा. पावसाळ्यात तो इतक्या नेमाने यायचा की सरसुद्धा त्याच्यासमोर नुसती खूण करायचे. त्याचं शास्त्रीय नाव त्यांना माहीत होतं, पण मावशींमुळे रजिस्टरातही तो 'डोळेवाला' झाला होता.

एकदा स्टाफची सहल भंडारदऱ्याला गेली. धरण भरलेलं, धबधबे चालू, सगळे फोटो काढत होते. सर सकाळी दिसेनात. शोधलं तेव्हा ते विश्रामगृहामागच्या संडासांच्या भिंती बघत होते, कारण तिथे रात्रभर दिवा होता. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, एवढ्या लांब येऊन हे?" ते म्हणाले, "धरण परत येताना दिसेलच." परत येताना गाडीत वही लिहीत बसले आणि धरण राहिलं.

थुंकीच्या डब्यांचा प्रकार मी येण्याआधीचा, पण तो मला इतक्या जणांनी सांगितला आहे, आणि त्याचा मेमो रजिस्टरात चिकटवलेला मी स्वतः वाचला आहे. लॅबमध्ये तपासणीचे नमुने ज्या झाकणाच्या छोट्या डब्यांत घेतात, त्यातल्याच एका नव्या डब्यात सरांनी वाटेत सापडलेली एरंडावरची अळी ठेवली. सवयीने वर क्रमांकाची चिठ्ठी लावली. तेवढ्यात नगरला जाणारी गाडी आली आणि नमुन्यांच्या पेटीत ती अळीही गेली. दुसऱ्या दिवशी नगरहून फोन. पलीकडचा माणूस ओरडत होता की तुमच्या पेशंटच्या नमुन्यात जिवंत अळी आहे, हा काय प्रकार आहे. सर म्हणाले, "जिवंत आहे ना? मग एरंडाचा पाला टाका. दुसरा खाणार नाही ती."

मेमो आला. पण गंमत पुढची आहे. तिथल्या शिपायाने ती अळी फेकली नाही, घरी नेली, एरंडाचा पाला घातला आणि काही दिवसांनी फोन केला, "साहेब, पतंग निघाला."

"तुम्ही निघताना पाहिलात?"

"हो, पाहिला की."

"निघाला तेव्हा पंख केवढे होते?"

"केवढे म्हणजे? पंखाएवढे."

सरांनी त्याचे आभार मानले, त्याच्या घरची चौकशी केली, फोन ठेवला आणि लिहिलं, 'पतंग निघाला असं सांगितलं. पाहिला नाही.' मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, एवढं बिचाऱ्याने केलं, तुम्हाला काय जड होतं त्याचं नाव लिहायला? ते म्हणाले, "कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याचे पंख नखाएवढे असतात, ओले, चुरगळलेले. मग अर्ध्या तासात भरतात. ज्याने पाहिलंय तो पहिलं तेच सांगतो. सकाळी उठून मोठे पंख बघितलेला माणूस ते सांगत नाही."

अशा माणसाबरोबर काम करणं सोपं नसतं. रद्द केलेल्या चादरींतली एक त्यांनी रात्री दोरीवर टांगून, मागे दिवा लावून पतंग बोलवायला नेली. मी परत मागितली तेव्हा त्यांनी ती धुऊन, घडी घालून, वर कितवी आणि कधीची ते लिहून दिली. चिडायची सोय नव्हती.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात घोणस अळीची हवा झाली. मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ, चावली की माणूस पाच मिनिटांत जातो. बायका उसात जाईनात, बांधावरचं गवत कोणी कापेना. त्या दिवसांत एका सकाळी टेम्पोतून एका शेतकऱ्याला आणलं. बरोबर दहा-बारा माणसं, त्याची बायको ऊर बडवत होती. पाण्याच्या बाटलीत अळी, हिरवट-पिवळी, आखूड, अंगभर काट्यांचे झुबके. त्याच्या दंडावर लाल चट्टा आणि भयंकर आग. नाडी, बीपी, श्वास मी बघितला, सगळं ठीक होतं. पण लोक ऐकेनात.

"इथं काय इलाज हुनार? नगरला न्या त्येला!" त्याचा भाऊ ओरडत होता. "व्हिडिओ बघितला न्हाई का तुमी? जातंय मानूस!"

सर लॅबमधून आले. बाटली उजेडाला धरली. मग खिशातली टेप काढून चट्ट्यावर चिकटवली आणि ओढली, पुन्हा चिकटवली, पुन्हा ओढली. टेपवर बारीक केस दिसत होते. "हे काटे निघाले की आग कमी होते. त्यावर बर्फ. मरत कोणी नाही."

"तुमाला काय म्हाईत?"

सरांनी शर्टाची बाही वर केली, चिमट्याने अळी उचलली आणि स्वतःच्या हातावर टेकवली.

मी म्हटलं, "सर, हे हॉस्पिटल आहे, सर्कस नाही." इंजेक्शन भरून ठेवलं, कारण ॲलर्जी कोणाला येईल सांगता येत नाही. ते खुर्चीवर बसले आणि दुसऱ्या हाताने रजिस्टरात लिहू लागले. नऊ दहाला टेकवली. नऊ बाराला आग. नऊ वीसला काखेपर्यंत कळ. घाम निथळत होता, पण अक्षर बऱ्यापैकी होतं. टेप लावली ती वेळ, बर्फ लावला ती वेळ. गर्दी शांत बसून बघत होती. त्या शेतकऱ्याची आग एव्हाना उतरत आली होती आणि तोच सरांना म्हणाला, "सायेब, लई आग व्हतीया का?"

"तुमच्याएवढीच."

"मंग फू करा हळूहळू. मला बायकोनं तसंच केलं."

तिथे पहिल्यांदा कोणीतरी हसलं. दुपारी दोघंही ठीक होते. मी सरांना चांगलं फैलावर घेतलं आणि पुन्हा असं केलं तर डॉक्टरांना लेखी देईन म्हणून सांगितलं. त्यांनी मान्य केलं. पण त्यानंतर लोक सरसकट कोणतीही अळी घेऊन यायला लागले, मक्यावरची, कांद्यातली, घराच्या छपरातली. "ही मारायची कशी?" म्हणून विचारायचे. सर म्हणायचे, "ते कृषी सहायकाला विचारा. ही कसली आहे तेवढं मी सांगतो." आणि आणणाऱ्याचं नाव शेवटच्या रकान्यात लिहायचे. ते नाव वाचून दाखवलं की माणसं खूश होऊन जायची.

आता शिरीषाची अळी. मी टाकलेल्या बरणीत तीच होती, हे मला वर्षभराने कळलं.

आवारातल्या शिरीषावर एक राखट तपकिरी अळी असायची. दिवसा सालीला चिकटून इतकी निश्चल की वाळकी काडी वाटावी. वर्षाकाठी दोन-तीन सापडायच्या, तेही सर रोज अर्धा तास खोडापाशी नाक लावून उभे राहायचे म्हणून. आणि प्रत्येक वेळी घात व्हायचा. अळी वाढायची, पानं गुंडाळून कोष करायची, आणि कोषातून पतंगाऐवजी माशा बाहेर पडायच्या. एक जातीची माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून खातात. सर वैतागायचे नाहीत, 'माशा, पाच' असं लिहायचे. सहा वर्षांत एकच कोष निरोगी दिसला होता. तो मी जाळला.

मी त्यांना सुचवलं होतं की मोबाईलवर फोटो टाका, कोणीतरी नाव सांगेल. त्यांच्या मुलीने टाकलाही होता. तीन जणांनी तीन नावं सांगितली. सर म्हणाले, "तिघंही माझ्यापेक्षा शिकलेले असतील. पण तिच्यातून काय निघतं ते तिघांनीही पाहिलेलं नाही. आपल्या दारातलं झाड आहे, आपण बघू."

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं त्या पावसाळ्यात पुन्हा एक कोष चांगला झाला. जड, चकचकीत, बोट लावलं की हलणारा. सर बरणी दिवसातून चारदा बघायचे. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी लॅबमध्ये त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी मीच काढला. त्यांनी पट्टी मागितली, स्वतः पाहिली आणि म्हणाले, "हं. हे वाटत नाहीये, आहे."

रुग्णवाहिकेत चढवताना मला म्हणाले, "सिस्टर, दोन नंबरची बरणी. ओट्यावर ऊन येतं, आत घ्या. कोष काळा पडला की एक-दोन दिवसांत निघेल. तुम्ही बघाल?"

"बघेन. तोंडावर मास्क घ्या."

बरणी मी ड्रेसिंग रूमच्या कपाटावर ठेवली, जिथे टाकायच्या वस्तूंशी तिची गल्लत होणार नाही. रोज तीनदा बघत होते. नगरला तपासण्या झाल्या आणि बायपास ठरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी बघितलं तर कोष काळा पडला होता. दहा वाजता ओपीडीत गर्दी झाली, एका पोराला टाके घालायचे होते. साडेअकराला परत आले तर बरणीवर कापड नव्हतं. कोष फुटलेला, रिकामा. खिडकी उघडी.

मावशी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. पांढरं पातळ कापडही त्यांत होतं.

"मावशी, बरणीवरचं कापड?"

"लई मळलं हुतं, सिस्टरबाई. धुवाया घेतलं. तुमीच सांगता ना, ड्रेशिंग रूममधी मळकं कापड दिसता कामा न्हाई."

मी तेच सांगत होते. सगळ्यांना, रोज.

ड्रेसिंग रूम शोधली, भिंती, पडदे, कपाटामागे. काही नाही. बाहेर दारावरच्या भिंतीवर त्या दिवशी दहा-बारा पतंग बसले होते, डोळेवाला, एक हिरवा, तीन-चार राखी. त्यातला कोणता आमचा, की आमचा उडून केव्हाच गेला, कोण सांगणार.

दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज दबका. "सिस्टर, बाबा सारखं बरणीचं विचारतायत. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. काहीतरी चांगलं सांगा ना. एखादा पतंग निघाला म्हणून सांगितलं तरी चालेल. नंतर बघू."

मी पेशंटशी गरजेपुरतं खोटं बोलले आहे. आमच्या कामात बोलावं लागतं. आणि भिंतीवर पतंग होतेच. एखाद्या हिरव्याचं वर्णन करायला मला काही अडचण नव्हती. पंख आधी नखाएवढे होते, ओले होते, हेही मला माहीत होतं, त्यांनीच सांगितलेलं. पटलं असतं.

फोन त्यांच्या हातात गेला.

"सिस्टर, काळा पडला?"

"पडला. निघालाही. पण मी टाके घालायला गेले होते. मधल्या वेळात कापड निघालं, पतंग उडून गेला. रिकामा कोष आहे. मी पाहिला नाही."

मला वाटलं, मुलीचं ऐकायला हवं होतं.

"माशा नव्हत्या ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. कोष वरून नीट फुटलाय."

"म्हणजे पतंग होता. इतकं तरी कळलं." मग म्हणाले, "कापड कोणी काढलं?"

"मावशींनी. धुवायला."

"त्यांना बोलू नका. रजिस्टर माझ्या टेबलात आहे. तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, 'रिकामा कोष. पतंग निघाला. पाहिला नाही. सिस्टर.' त्या पानावर माझं नाव दुसऱ्यांदा आलं, तेही कौतुकाने नाही.

ऑपरेशन नीट झालं. पण ते कामावर परत आले नाहीत. रजा संपवली, मग निवृत्ती, आणि नगरला मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर. क्वार्टर रिकामं करायला जावई आला. बरण्या त्याने भंगारवाल्याला द्यायला काढल्या होत्या. दोन मी ठेवून घेतल्या. रजिस्टर सरांनी मागितलं नाही आणि मी पाठवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी शिरीषाखाली उभी राहायला लागले. ड्यूटी संपल्यावर पंधरा मिनिटं. लोक हसायचे, हसू दे. आठवडाभर मला नुसती साल दिसली. मग एक काडी मोडायला म्हणून बोट लावलं आणि ती काडी चालायला लागली. एकूण तीन सापडल्या. दोघींतून माशा निघाल्या, चार आणि सात. तिसरीने पानं चिकटवून कोष केला. बरणीच्या कापडावर मी मार्करने लिहिलं, 'धुवू नये', आणि मावशींना वाचता येत नसल्याने तोंडीही सांगितलं.

सरांशी आठवड्यातून एकदा बोलणं व्हायचं. त्यांची तब्येत फारशी धरत नव्हती, जिने चढवत नव्हते. बरणीचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर ते स्वतःहून फोन करायला लागले. हवापाण्याचं बोलून झाल्यावर विचारायचे, "रंग?"

एके दिवशी सकाळी साडेसहाला, रात्रपाळी सोडवायला आले तेव्हा कोष काळा होता आणि हलत होता. मी स्टूल ओढून बसले. दहा मिनिटं झाली असतील, आवारात टेम्पो शिरला. उसाच्या खुरपणीवरची बाई, दिवस भरलेले, डोकं दिसायला लागलेलं. डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. मी उठले. बघायचं कुणी? नर्स माझ्याबरोबर हवी होती. दारात मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, इथे बसा. ह्या कोषावरून नजर हलवायची नाही. काहीही झालं तरी."

"आन् झाडायचं?"

"राहू द्या आज झाडणं."

माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून मावशी लगेच बसल्या.

मुलगी झाली. रडली, गुलाबी, अडीच किलोच्या वर. सगळं आवरून, हात धुऊन मी ड्रेसिंग रूममध्ये आले तेव्हा तास होऊन गेला होता. मावशी स्टूलवर तशाच, मांडीवर झाडू आडवा, डोळे बरणीवर. मान न वळवता म्हणाल्या, "आलं."

बरणीत, कापडाला उलटं लटकलेलं, पंख पसरून वाळवत बसलेलं. तपकिरी. दोन्ही पंखांवर एकेक गोल डोळा.

मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाल्या, "आवं, ह्ये तर आपलं दारातलं डोळेवालं पाखरू हाय!"

मी सरांना फोन लावला, स्पीकर चालू केला. म्हटलं, "निघाला. मी नव्हते, बाळंतपण आलं होतं. मावशी बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं."

ते म्हणाले, "द्या त्यांना."

मावशींनी फोन दोन्ही हातांत धरला आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नमस्कार सायेब, आमी मावशी बोलतोय!"

"मावशी, पाहिलंत की वाटलं?"

"आता वो! डोळं फुटायची येळ आली बघून बघून."

"काय पाहिलंत, सांगा."

"आदी वर चिरलं. मंग डोकं आलं, मिशा आल्या. मंग पाय काढले आन् सुटलं, आन् वर कापडाला गेलं चालत. मला वाटलं, रोगट हाय बिचारं, ह्येला पंखच न्हाईत."

मी सरांचा श्वास ऐकत होते. "पंख नव्हते?"

"हुते, पन नखाएवढे. चुरगाळलेले, वले, धुनं पिळल्यावानी. मंग लटकून ऱ्हायलं आन् पंख लांबाया लागले हळूहळू. आन् मंग डोळं दिसले त्येच्यावर. ह्येला तर मी रोज झाडते की वो, सायेब! इतकी वर्सं झाडते!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मी त्यांना असं हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मुलगी मागून विचारत होती, बाबा, काय झालं. मग म्हणाले, "मीही रोज बघत होतो, मावशी. खूण करून पुढे जात होतो." आणि मग मला, "सिस्टर, लिहा. डोळेवाला. कोणी पाहिलं ते नीट लिहा."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. मावशींनी विचारलं, माझं नाव लिवलं व्हय, कुठं, आणि त्या अक्षरांवर बोट ठेवून बघितलं.

त्यानंतर दीड वर्षाने सर गेले. रजिस्टर माझ्या कपाटात आहे. शिरीषाच्या अळीचं पान उघडलं की खालून वर वाचत जावं लागतं. पाहिला, मावशी. पाहिला नाही, सिस्टर. टाकला, सिस्टर. मधल्या आणि वरच्या ओळींत सगळ्या माशा.

मध्यंतरी नवे डॉक्टर आले, टापटिपीचे. सातला राउंडला निघाले आणि अपघात विभागाच्या दारात थबकून मला म्हणाले, "सिस्टर, ही भिंत अजून झाडलेली नाही?"

मी उत्तर द्यायच्या आत मावशी मध्ये आल्या, झाडू पाठीमागे धरून. "दहा मिन्टं थांबा, सायेब," त्या म्हणाल्या. "बघून झालं का मंग झाडते."